हातभर सावली

पालीखालची वाडी, ता. वेल्हे
११ फेब्रुवारी १९६८

साहेबराव गुरुजींना मानसिंगाचा रामराम.

किकवीच्या शाळेवर जाऊन तुम्हाला आठ महिने झाले आणि माझं हे चौथं पत्र. तुमचं एकच कार्ड आलं, त्यातही निम्मी जागा तिथल्या शाळेच्या गळक्या पत्र्यानं खाल्ली. हमरस्त्यावरचं गाव मिळालं म्हणून गुरुजी आपल्याला विसरले, असं आई म्हणते. मी तुमची बाजू घेतो, पण माझ्याकडचीही कारणं आता संपत आली आहेत.

नवे मास्तर बरे आहेत. वेळेवर येतात, वेळेवर जातात. शाळेपुढच्या अंगणात काठी रोवून रोज दुपारी तिच्या सावलीच्या टोकाला तुम्ही पोरांकडून चुन्याचा ठिपका देववायचात, ते त्यांनी बंद केलं. अंगण घाण दिसतं म्हणे. मग मी आमच्या खळ्यात एक काठी रोवली. जेवायला घरी यायच्या आधी रोज ठिपका देतो. बायको म्हणते, गुरुजी गेले आणि यांना वेड लावून गेले.

गेल्या वैशाखात सावली नाहीशी झाली त्या उत्सवाचा विषय वाडीत अजून निघतो. देवळाच्या आवारात देवीची अठरा हात काठी उभी, ठिपक्यांना ठिपके जोडून ठकुबाईनं काढलेली ती लांबलचक रांगोळी, ज्ञानू सुताराचा खोका, ज्याच्या बारीक भोकातून देऊळ उलटं दिसत होतं, आणि तुमचा प्रश्नांचा फळा. भाकरी कशानं फुगते, विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, चंद्र माझ्याच बरोबर का चालतो. जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं अशा बायांनी इतकं विचारलं की खडू संपला. मग बारा वाजले आणि सावली काही जाईना. सर्जेरावआबा आणि बाकीचे पंच हसायला लागले. तुम्ही उंबराखाली घड्याळ धरून शांतपणे सांगितलंत, अजून एकतीस मिनिटं थांबा, आपल्याकडं सूर्याची दुपार घड्याळाच्या मागून येते. बरोबर त्या मिनिटाला सावली काठीच्या बुंध्यात शिरली. माणसांच्या सावल्या पायाखाली गेल्या. ठकुबाईनं तिथंच ओवी जुळवली, ती आता जात्यावर सगळ्याच म्हणतात:

सूर्य आला डोईवरी, सावली माझी कुठं गेली
दमल्या गं लेकीवानी, माझ्या पायाशी निजली

यंदा उत्सव मोठा करायचा आहे. पाली, गुंजवणे, सगळीकडं सांगावा धाडणार आहे. गेल्या खेपेला घड्याळ नीट दिसावं म्हणून तुम्हाला उंबराच्या सावलीत उभं राहावं लागलं. यंदा मी तुमच्या डोक्यावर छत्री धरतो, तुम्ही आत काठीपाशी उभे राहा. पण या. तुम्ही नसाल तर ते नुसतं ऊन आहे.

आपला
मानसिंग


भोर
२५ फेब्रुवारी १९६८

प्रिय मानसिंगराव,

चारही पत्रं मिळाली. प्रत्येक दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बसतो आणि पत्र्याबद्दलच लिहून होतं, हा माझा दोष आहे, तुमचा नाही.

आठवडाभर किकवीला राहतो आणि शनिवारी भोरला घरी येतो. बाबा आता थकलेत. तुमची पत्रं मी त्यांना वाचून दाखवतो. ओढा, उंबर, देवळाची वाट, असं काही आलं की ते हात वर करतात, म्हणजे तेवढं पुन्हा वाचायचं. ठकुबाईंची ओवी त्यांना पाठ झाली आहे. परवा दाढी करताना गुणगुणत होते.

खळ्यातले ठिपके सोडू नका. एखादा दिवस चुकला तर चुकला, पण अंदाजानं ठिपका देऊ नका. फळ्यासाठी किकवीच्या मुलांनी दिलेला एक प्रश्न पाठवतो: एसटी पुढं जाते तेव्हा जवळची झाडं पळतात आणि डोंगर का पळत नाही? तुमच्याकडची मंडळी काय म्हणतात ते कळवा.

उत्सवाला येण्याचं आत्ताच सांगत नाही. मे महिन्यात घरी कामं असतात. छत्रीची मात्र गरज नाही. घड्याळ उन्हातही दिसतं.

तुमचा
साहेबराव


वाडी
१० एप्रिल १९६८

गुरुजींना रामराम.

सोबत पत्रक आहे. भोरला जाऊन छापून आणलं, पिवळा कागद मुद्दाम घेतला. 'बिनसावलीचा उत्सव' हे नाव माझं, खालचं भारदस्त लिखाण आबांचं. हसू नका. गेल्या वर्षी काठीकडं बघून हसणारे आबा यंदा अध्यक्ष आहेत.

दिवस मंगळवार, ३० एप्रिल. गेल्या वर्षी सावली अक्षय्य तृतीयेला गेली होती, तेव्हा तिथीला हात लावायचा नाही असं पंचांनी एकमतानं ठरवलं. लेझमाची दोन पथकं येणार. ठकुबाईनं गेरू आणि चुना भिजवून ठेवला आहे. ज्ञानूनं दोन खोके नवे केलेत. एकात भिंग बसवलंय, त्यातून मुंगी कुत्र्याएवढी दिसते आणि बाया ओरडतात. तुमच्या पोरांच्या प्रश्नाला आईनं उत्तर दिलं: डोंगराला कुठं जायचंय, म्हणून तो पळत नाही. यावर तुमचं शास्त्र काय म्हणतं ते येऊन सांगा.

खरं सांगायचं तर माझ्या खळ्यातल्या काठीची सावली मला अजून जरा लांबच वाटते. पण पंचांपुढं काय बोलणार? शेवटच्या दिवसांत झपाट्यानं आत येत असेल, असं धरून चाललो आहे.

घड्याळ उन्हातही दिसतं असं लिहिलंत. ते वाचून हसलो आणि मग का हसलो ते कळेना. कार्ड टाका, येतो एवढंच लिहा. मार्गासनीला बैलगाडी घेऊन येईन.

मानसिंग


वाडी
१ मे १९६८

गुरुजी,

तुम्ही आला नाहीत. कार्डही आलं नाही.

काल आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. गुंजवण्याची माणसं पहाटेच निघाली होती. लेझीम झालं, फळा दोनदा भरला आणि दोनदा पुसला. बारा वाजले तेव्हा मीच मोठ्यानं सांगितलं, अजून एकतीस मिनिटं, सूर्याची दुपार मागून येते. तुमच्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला. लोकांनी माना डोलावल्या.

सावली आखडत आली, आखडत आली आणि थांबली. मग दुसऱ्या अंगानं पुन्हा लांबायला लागली. मी गुडघ्यावर बसून मोजली. हातभर, आणि वर चार बोटं. एवढी माणसं आधी काठीकडं बघत होती, मग सगळी माझ्याकडं बघायला लागली.

आबा म्हणाले, "मास्तरचं शास्तर मास्तरबरुबर गेलं."

सगळे हसले. एक जण म्हणाला, गेल्या वर्षी काठीच तिरकी रोवली असंल. एका बाईनं देवीला कौल लावायला सांगितलं. तासाभरात आवार रिकामं झालं. ठकुबाई नको म्हणत असताना मी तिची रांगोळी झाडून टाकली. मला ती बघवत नव्हती.

मला एवढंच सांगा. गेल्या वर्षी आपण पाहिलं ते खरं होतं ना? मी तीन महिने ठिपके दिले, लोकांना शपथेवर सांगितलं. मी रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण रागावलो आहे. तुम्ही उंबराखाली असता तर काय चुकलं ते तिथल्या तिथं सांगितलं असतं.

मानसिंग


भोर
४ मे १९६८

मानसिंगराव,

खरं होतं. आजही खरं आहे.

तिथी चंद्राच्या चालीनं येते. दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडं सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा मागं जाते. सावली सूर्याच्या चालीनं जाते, आणि सूर्य तिथी पाळत नाही. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया १२ मेला आली, हा नुसता योग होता. यंदाही १२ मेलाच, रविवारी, बारा वाजून एकतीस मिनिटांनी सावली जाईल. तुमच्या खळ्यातली काठी तुम्हाला खरं सांगत होती. तुम्ही पंचांचं ऐकलंत.

आता दुसरं, जे लिहायला मला दोन दिवस लागले. तुमचं पत्रक मला १३ एप्रिलला मिळालं. तारीख वाचताक्षणी चूक कळली. कार्ड लिहायला दोन मिनिटं पुरली असती आणि हातात सतरा दिवस होते. मी लिहिलं नाही. आवारात सगळं गाव जमेल आणि सावली जाणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्ही गुडघ्यावर बसून मोजाल हे तेवढं डोळ्यांपुढं आलं नव्हतं. त्याची लाज वाटते.

का लिहिलं नाही, तेही ऐका. मी घड्याळासाठी उंबराखाली उभा नव्हतो. उंबर आवाराच्या भिंतीबाहेर आहे. आदल्या दिवशी आबांनी मला सांगितलं होतं की मास्तर, तुमी भायरूनच टाइम सांगा. तुम्ही तिथंच काठीला दोर बांधत होता. तुम्ही ऐकलं नसेल असं मी वर्षभर धरून चाललो. सगळ्या गावाची सावली गेली तेव्हा एकटा मी सावलीत उभा होतो.

तीन वर्षं तुमच्या ओट्यावर चहा प्यालो. कान तुटलेला तो कप कोनाड्यात पालथा असायचा. पिऊन झाला की मीच विसळून पुन्हा पालथा घालायचो. तुम्ही समोर बसून दुसऱ्या कपातून प्यायचात आणि आपण ग्रहताऱ्यांच्या गप्पा मारायचो. त्या गप्पा मला फार आवडायच्या. म्हणूनच कपाबद्दल कधी बोललो नाही.

बिनसावलीचा दिवस मी पुस्तकात वाचला असं तुम्हाला सांगितलं होतं. पुस्तकात नंतर वाचला. आधी मला बाबांनी सांगितला. माझे बाबा, चिमाजी, तुमच्याच वाडीचे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जन्मले. गावचे निरोप आणि टपाल वाहायचे. आपल्या माणसांनी गावात शिरायचं ते भर दुपारी, सावली पायाशी असताना. सकाळ-संध्याकाळ ती लांब पडते, कुणाच्या अंगावर, कुणाच्या अन्नावर जाईल सांगता येत नाही. त्यामुळं बाबांना सावली पाठ होती. वैशाखात दोन-तीन दिवस ती मुळीच नसते, हे त्यांनी पोरवयातच हेरलं होतं. त्या दिवसांची ते वर्षभर वाट बघायचे.

विसाव्या वर्षी, जत्रेत, दुपार कलल्यावर त्यांची सावली देवीच्या निवदावर पडली. मारलं कुणी नाही. दुसरा निवद रांधून होईपर्यंत त्यांना उन्हात उभं केलं. दुसऱ्या दिवशी ते चालत भोरला आले. बेचाळीस वर्षं झाली, परत गेले नाहीत. माझी नेमणूक वाडीवर झाली तेव्हा एवढंच म्हणाले, कुणाचा ते तिथं सांगू नको.

१२ मेला यंदा बुद्धपौर्णिमा आहे. भोरला मिरवणूक आहे, माझ्याकडं मुलांच्या गाण्यांचं काम आहे. मी येणार नाही. आवारात बोलावलंत तरी येणार नाही. पण तुम्ही काठी रोवा आणि बघा. माझ्यावरचा राग सावलीवर काढू नका.

साहेबराव


वाडी
१४ मे १९६८

गुरुजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ठिपका द्यायला गेलो नाही.

ऐकलं होतं मी. आबांचं बोलणं पुरतं ऐकलं होतं. दोराची पक्की बसलेली गाठ सोडून पुन्हा बांधत बसलो, वर बघायला लागू नये म्हणून. छत्रीचं लिहिलं तेही त्यामुळंच. म्हटलं, न बोलता मिटेल. हे तुम्हाला लिहून टाकल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

परवाचं सांगतो. देवीची काठी मागितलीच नाही. ज्ञानूकडून एक लांब वासा घेतला आणि ओढ्याकाठी मोकळं आहे तिथं रोवला. ती जागा वाडीची नाही आणि वस्तीचीही नाही. तीस तारखेला आले होते त्यातले निम्मेही आले नाहीत. चाळीसेक माणसं असतील. आबा नव्हते. ठकुबाई गेरू-चुना घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. पलीकडून अंबूबाई आणि वस्तीवरची दहा-बारा माणसं आली, पण ओढ्याच्या त्या काठावरच थांबली. मी हाका मारल्या. त्यांनी हात केले, पण जागचे हलले नाहीत.

साडेअकराला एक म्हातारबाबा आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायात धूळ. मार्गासनीपासून चालत आले म्हणाले. सगळ्यांच्या मागं, जरा बाजूला उभे राहिले. माणसं वाशाकडं बघत होती आणि ते मान वळवून आपल्या मागं जमिनीकडं बघत होते. कुणी जवळून गेलं की एक पाऊल सरकायचे. तुमचं पत्र माझ्या खिशात होतं. मला कळायला हवं होतं, पण मी फळा घेऊन फिरत होतो.

त्यांनाही विचारलं, बाबा, तुमचा प्रश्न?

त्यांनी ओढ्याकडं नजर टाकली. मग म्हणाले, "वढ्याकाठची जांभळ हाय का अजून?"

लोक हसले, हा काय प्रश्न झाला. मी तो होता तसा फळ्यावर लिहिला. माझ्या मागं आई उभी होती. ती म्हणाली, "हाय. ईज पडून निम्मी गेली, पर हाय." आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

मग मी मिनिटं मोजायला लागलो. अठ्ठावीस, एकोणतीस. वाशाची सावली वीतभर, मग बोटभर, मग बुंध्यात शिरली ती दिसेनाच. कुणी ओरडलं नाही, गेल्या वर्षीसारख्या टाळ्या नाहीत. तीसला फसलेली माणसं होती, डोळ्यांवर विश्वास ठेवायला त्यांना वेळ लागला. म्हातारबाबांनी पायाखाली बघितलं. एक पाऊल पुढं टाकलं. पुन्हा खाली बघितलं. असं करत माणसांमधून थेट वाशापाशी आले, त्याला हात लावला आणि म्हणाले, "आता कुटंबी हुबं ऱ्हावा."

ते कुणाला उद्देशून म्हणाले, माहीत नाही. पण ओढ्यापलीकडची माणसं पाण्यात उतरून अलीकडं आली. अंबूबाई ठकुबाईच्या शेजारी बसली आणि रांगोळीच्या शेवटच्या ठिपक्यावर दोघींनी मिळून सूर्य काढला.

दहा मिनिटांनी सावली पुन्हा निघाली. बाबा तिथंच उभे होते, त्यांची सावली शेजारीच बसलेल्या आईच्या पदरापर्यंत आली. ते मागं सरकले नाहीत आणि आईही सरकली नाही.

ते तीनच्या गाडीला निघाले तेव्हा घरी चला असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी आईकडं बघितलं, तिनं खाली बघितलं, तेवढ्यात ते ओढा ओलांडून जांभळीकडं गेले. घरी येताना आई वाटेत बोलली. "त्यो निवद म्या रांधला हुता, दुसऱ्यांदा. सोळा वर्साची हुते. चुलीपुढनं दिसायचा त्यो उन्हात. म्या हळू न्हाई रांधला, पर लाकडं वली हुती." एवढंच.

मानसिंग


भोर
२० मे १९६८

प्रिय मानसिंगराव,

त्या दिवशी मिरवणुकीत बाबा दिसेनात म्हणून मी भोरभर हिंडलो. पोस्ट, स्टँड, नदीचा घाट. सहा वाजता एसटीतून उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं भरलेलं, रुमालात चार हिरवी जांभळं. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणाले वाडीला. तिथं काय केलंत, तर म्हणाले, "हुबा ऱ्हायलो."

बाकी सगळं मला तुमच्या पत्रातून कळलं. मी त्यांना ते वाचून दाखवलं. तुमच्या आईंच्या ओल्या लाकडांशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. मी तेवढं पुन्हा वाचलं. मग म्हणाले, मला तवाच वाटलं हुतं, कुणीतरी आतनं बघतंय.

तुम्ही आबांचं ऐकलं होतंत, हे मला आतून माहीत होतं असं आता वाटतं. ऐकलं नाही असं धरलं, तरच तुमच्याशी मैत्री ठेवता येत होती, आणि ती मला ठेवायची होती. किकवीला बोलायला माणसं आहेत. पण एखाद्या गोष्टीचं नवल वाटलं की ती सांगायला तुम्ही लागता. मला तुमची आठवण येते. पत्र्याबद्दल लिहायचो तेव्हाही हेच लिहायचं असायचं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. सूर्य आपल्या माथ्यावर वर्षातून दोनदा येतो. दक्षिणेकडून वर जाताना मे महिन्यात, आणि परतताना ३१ जुलैला, बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी. त्या दिवशीही आपल्याला सावली नसते. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी तो दिवस धरत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं येऊ म्हणतो. काठी नको, फळा नको, माणसं जमवायला नकोत. ओढ्याकाठीही नको. तुमच्या घरी यायचं आहे, आत. तुमच्या आईंना विचारा. नको म्हणाल्या तर तसं लिहा, मी समजून घेईन. पण यावेळी गाठ बांधत बसू नका.

साहेबराव


भोर
१२ जुलै १९६८

मानसिंगराव,

उत्तर नाही. लावणीची घाई असेल असं धरून चाललो आहे. धरून चालण्याची मला सवय आहे, पण बाबा रोज पोस्टमनची वाट बघतात. आज त्यांनी कोट उन्हाला टाकायला काढला आणि ऊन नाही म्हणून परत आत नेला.

साहेबराव


वाडी
२४ जुलै १९६८

गुरुजी, तुम्हाला आणि बाबांना जयभीम.

उत्तराला दोन महिने लागले. मला नाही लागले, घराला लागले. आईला मी विचारलं नाही, सांगितलं. ३१ जुलैला दोघं येणार आणि आत बसून जेवणार. जून गेला, रोपं वर आली, लावणी लागली. रोज वाटायचं आज हो म्हणेल, मग तुम्हाला लिहीन. ती हो म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

परवा खाचरातून चिखलानं भरून आलो. पाय धुवायला ओट्याशी वाकलो तर कोनाडा रिकामा दिसला. आत गेलो. आईनं तो कप राखेनं घासून फडताळात ठेवला होता, बाकीच्या कपांत मिसळून. ती चुलीशी बसून वाळकी लाकडं निवडून वेगळी ठेवत होती.

कान तुटलेला आहे म्हणून तो ओळखू येतो, पण आता ज्याच्या हाताला लागेल त्याच्या वाट्याला जातो. काल आबा आले होते, त्यांना त्यातूनच चहा गेला. भुरके मारत प्याले, त्यांना पत्ताही नाही. आज सकाळी माझ्या वाट्याला आला. गुरुजी, कान नसला की बोटं फार भाजतात हो. मला तो दोनदा खाली ठेवावा लागला. तीन वर्षं तुम्ही तो हातात धरून माझ्याशी ग्रहताऱ्यांचं बोलत होता.

एकतीसला सकाळच्या गाडीनं या. रस्त्यात चिखल आहे, बाबांना म्हणावं काठी आणा. मी मार्गासनीला उभा असेन. घरात छत्री एकच आहे, तिघांत पुरवून घेऊ.

तुमचा
मानसिंग